तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत

मनोविकार विभागाच्या ओपीडीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न रुग्णाला असतो आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा दुसरंच कुणी देतं. “काय त्रास होतोय?” एवढं विचारायचा अवकाश, आई सांगू लागते, “रात्र रात्र झोपत नाही हो हा.” तिला मध्येच थांबवून मामा म्हणतात, “तसं नाही डॉक्टरसाहेब, कॉलेज सोडलं ना, तिथपासून सगळं बिघडलं.” ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो विशी-बाविशीचा मुलगा स्टुलावर खाली मान घालून बसलेला असतो. डॉक्टर जाणता असेल तर तो आईचं ऐकून घेतो, मामांना हातानंच जरा थांबवतो आणि मुलाकडे वळून विचारतो, “तुला काय वाटतं? तुला इथं कशासाठी आणलंय?”

या लेखात रुग्ण आणि नातेवाईक म्हणून येणारी माणसं कुणी एक खरी व्यक्ती नाहीत. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या कुठल्याही सरकारी मनोविकार विभागात आठवडाभर बसलं तर जे पुन्हा पुन्हा कानावर पडेल, त्यातूनच ती घेतली आहेत.

केसपेपरात आई आणि मामांसाठी रीतसर जागा असते. नाव, वय, शिक्षण, गाव झालं की लगेच रकाना येतो तो माहिती देणाऱ्याचा. कोण आहे, नातं काय, रुग्णासोबत एका घरात राहतो का, किती वर्षं राहतो आणि तो सांगतोय ते भरवशाचं नि पुरेसं आहे का, हे सगळं डॉक्टरला लिहावं लागतं. हाडांच्या विभागात असं कुणी लिहीत नाही. मोडलेल्या हाताबद्दल मामा काय म्हणतात याला तिथे फारसं महत्त्व नसतं. इथे असतं, कारण आजारानं ज्याच्या विचारांवरच ताबा मिळवलाय त्याला स्वतःतला बदल दिसेलच असं नाही, आणि घरच्यांना दिसतो तो फक्त बाहेरून. मुलगा सांगतो, “मला काही झालेलं नाही. शेजारचे माझ्याबद्दल बोलत असतात, ते बंद करा.” आई सांगते, “भिंतीला कान लावून बसतो, जेवणाचं ताट वास घेऊन परत करतो.” दोन्ही लिहायचं, वेगवेगळं लिहायचं आणि कुणाचं कुठलं ते स्पष्ट लिहायचं.

एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना पहिल्या काही आठवड्यांतच एक नियम घोकवला जातो: मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहा. ‘निद्रानाश’ लिहू नका. “पहाटे तीनला जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यागत होतं” असं लिहा. ‘भास’ लिहू नका. काय दिसलं, काय ऐकू आलं, कुणाचा आवाज होता, तो तुमच्याशी बोलत होता की तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाशी, हे लिहा. शेवटच्या प्रश्नात बरंच काही अडकलेलं असतं. आपल्याबद्दल दोघंजण बोलताहेत, आपण जे करतो त्यावर ते टीका करताहेत, असं ऐकू येणं हे स्किझोफ्रेनियाच्या निदानात वजनदार लक्षण धरलं जातं. नुकत्याच गेलेल्या नवऱ्यानं संध्याकाळी दारातून हाक मारल्यासारखं वाटणं, हे दुःखात असलेल्या पुष्कळ माणसांना होतं आणि तो आजार नव्हे. केसपेपरवर दोन्ही ठिकाणी नुसतं ‘आवाज ऐकू येतात’ एवढंच लिहिलं, तर त्या विधवा बाईंना वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या खाव्या लागतील.

हिस्टरीवर, म्हणजे विचारून घेतलेल्या या कहाणीवर, इतका भार का पडतो, याचं उत्तर साधं आहे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढता येतो. स्किझोफ्रेनिया, उन्माद किंवा नैराश्य दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआयच्या फिल्मवरही ते दिसत नाहीत. रक्त तपासतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मेंदूत काही. पण नेमकं काय शोधायचं हेही विचारल्याशिवाय कळत नाही. ताप येऊन गेला का, डोक्याला मार लागला होता का, फिट आली होती का, कुठली नवी गोळी सुरू झाली का. सत्तरीच्या आजींना आयुष्यात कधी काही नव्हतं, आणि चार दिवसांपासून त्या संध्याकाळ झाली की बरळतात, मुलाला ओळखत नाहीत, सकाळी बऱ्या असतात. “वेड लागलं” म्हणून त्यांना मनोविकार विभागात आणतात. तिथे कुणीतरी “किती दिवस झाले?” आणि “दिवसभर असंच असतं का?” हे दोन प्रश्न नीट विचारतं, आणि आजींचा लघवीचा संसर्ग किंवा उतरलेलं सोडियम सापडतं. मनोविकाराचं औषध त्यांना लागतच नाही, किंवा लागलंच तर थोडे दिवस.

विचारण्यावर निदान किती अवलंबून असतं याचा पुरावा जगानं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनच्या मानानं कितीतरी जास्त होत होतं. अमेरिकेत खरंच इतके जास्त रुग्ण आहेत का, हे पाहण्यासाठी दोन्ही देशांतल्या संशोधकांनी दोन्ही शहरांत दाखल झालेल्यांच्या मुलाखती एकाच पद्धतीनं, ठरवून दिलेल्या प्रश्नांनी घेतल्या. तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. एका पद्धतीनं विचारल्याबरोबर दोन शहरांतला फरक बराचसा नाहीसा झाला होता. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हटलं होतं, त्यांतल्या अनेकांना लंडनच्या डॉक्टरांनी उन्माद किंवा नैराश्य म्हटलं असतं. रुग्ण तेच होते.

त्याच्याही खूप आधीची गोष्ट एमिल क्रेपेलिनची. आज मनोविकारांचं जे वर्गीकरण जगभर शिकवतात त्याचा पाया या जर्मन डॉक्टरनं घातला. १८८६ साली, तिशीत, तो डोर्पाटच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. हे शहर आता एस्टोनियात आहे आणि त्याचं नाव तार्तू. तिथल्या बऱ्याचशा रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती, मध्ये दुभाषा घ्यावा लागे, आणि याची खंत त्यानं स्वतः बोलून दाखवली आहे. पुढे हायडेलबर्गला त्यानं प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायला सुरुवात केली. आजार कसा सुरू झाला, कसा चालला, पुढे त्या माणसाचं काय झालं, हे त्या कार्डांवर असे. १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यानं दोन मोठे आजार वेगळे केले. एकाला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, दुसऱ्याचा मोठा भाग म्हणजे बायपोलर, कधी उन्माद तर कधी नैराश्य असा आजार. आज समोर बसलेल्या रुग्णाकडे नुसतं बघून हे दोन्ही एकसारखे दिसू शकतात. ते वेगळे दिसले ते वर्षावर्षांच्या कहाणीतून.

म्हणून हिस्टरीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘केव्हापासून’ या एका प्रश्नावर. तारखा कुणाला आठवत नाहीत. डॉक्टर गावचा असेल तर त्याला कसं विचारायचं ते ठाऊक असतं. गणपतीच्या आधी की नंतर? पेरणी झाली होती का? धाकटीच्या बारशाला हा नीट होता का, पाहुण्यांशी बोलला का? लातूर-धाराशिवकडच्या वयस्क माणसांना आजही “भूकंपाच्या आधी की नंतर?” असं विचारलं तर चटकन उत्तर येतं, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट तिथं प्रत्येकाच्या आयुष्यात खूण करून गेली आहे. घरचे आधी सांगतात, “गेल्या महिन्यापासूनच आहे.” विचारत विचारत मागे गेलं की निघतं, की दोन वर्षांपूर्वी त्यानं क्रिकेट खेळायला जाणं सोडलं, मग मित्र घरी येईनासे झाले, मग आंघोळ दोन-दोन दिवस चुकायला लागली, मग बारावीची परीक्षा दिलीच नाही. गेल्या महिन्यात फक्त आरडाओरडा झाला, म्हणून आणलं. एका महिन्याचा आजार आणि दोन वर्षांचा आजार, यांची औषधं, त्यांचे डोस आणि घरच्यांना द्यायची अपेक्षा, तिन्ही वेगळी.

कधी कधी आजार चांगल्या दिवसांच्या आठवणीत लपलेला असतो. चाळिशीचा गृहस्थ नैराश्य घेऊन येतो. उठवत नाही, जेवण जात नाही, दुकानात बसवत नाही. सरळसोट नैराश्य म्हणून गोळी लिहून द्यायला काही अडचण दिसत नाही. पण डॉक्टरनं बायकोला विचारलं, “याच्या अगदी उलट असा कधी काळ गेला का? झोप कमी, पण थकवा नाही, बोलणं खूप, पैसा खूप खर्च?” बायको म्हणते, “हो, तीन वर्षांपूर्वी खूप छान होते. पहाटेपर्यंत हिशेब करायचे, एकदम दोन गाळे घेतले, गाडी घेतली, सगळ्या नातेवाइकांना वाटायला साड्या आणल्या.” घरच्या आठवणीत तो सुखाचा काळ म्हणून राहिलेला असतो. डॉक्टरच्या दृष्टीनं तो उन्मादाचा झटका असू शकतो. मग हे नुसतं नैराश्य नव्हे, बायपोलर आहे, आणि अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो पुन्हा उन्मादात जाण्याचा धोका असतो. तो एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. घाईच्या ओपीडीत नेमका तोच राहून जातो.

आपल्याकडे मनाचं दुखणं अंगानं सांगायची रीत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय इथं कुणालाही हिस्टरी घेता येणार नाही. डोक्याला मुंग्या येतात, टाळू तापते, छातीत धडधड होते, हातापायांतलं बळ गेलंय, पोटात गोळा उठतो, जीव घाबरा होतो. बायका “पांढरं जातं” म्हणून येतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर गावातल्या बायकांमध्ये अभ्यास केला. १९९६ साली गोव्यात ‘संगथ’ ही संस्था उभी करणाऱ्यांत पटेल होते. त्या अभ्यासात दिसलं की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, चिंतेशी, निराशेशी अधिक घट्ट आहे. बाईचं म्हणणं खोटं नसतं. जे सांगायला घरात जागा नाही ते ती सांगता येईल अशा ठिकाणी ठेवून सांगत असते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून औषधांचे कोर्स होत राहतात आणि “घरी कसं चाललंय?” हे कुणी विचारत नाही.

तसंच ‘बाहेरचं’. करणी, भानामती, अंगात येणं, कुणी काही खाऊ घातलं असणं. इथं डॉक्टरच्या चेहऱ्यावर नुसता तिटकारा उमटला तरी सांगणारा गप्प होतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली. तुमच्या मते हे कशामुळे झालं, तुमच्या घरच्यांना काय वाटतं, आधी कुणाकडे मदत मागितली, असे ते प्रश्न. या मुलाखतीची चाचणी ज्या शहरांत झाली त्यांत पुणंही होतं. तिथे डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आपल्या रुग्णांबरोबर वापरून पाहिली. चांगल्या गावकरी डॉक्टरला हे प्रश्न पुस्तकात येण्याआधीही सुचत होते. गाणगापूरला किती दिवस राहिलात? सैलानीला नेलं होतं का? तिथं बांधून ठेवलं का, मारलं का, काही प्यायला दिलं का? यात श्रद्धेची उलटतपासणी नाही. प्यायला काय दिलं हे कळलं नाही तर विषबाधा निसटते. बांधून ठेवलं असेल तर हाताच्या जखमा आणि मनातली भीती, दोन्हीवर उपचार करावे लागतात. अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला आहे. पण साखळीनं बांधलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या वतीनं आधी कुणीतरी विचारावं लागतं.

आता खोलीतल्या गर्दीबद्दल. महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी ओपीडींत एकाच खोलीत दोन-तीन टेबलं असतात, प्रत्येक टेबलाभोवती नातेवाईक आणि दारात पुढचे नंबर. अशा जागी सून काय सांगणार? सासू सांगते, “कामाला हात लावत नाही, माहेरची आठवण काढून रडते.” नवरा सांगतो, “लग्नाच्या आधीपासूनच होतं, आम्हाला फसवलं.” माहेरचे सांगतात, “आमच्याकडे असताना मुलगी हसतीखेळती होती.” या तिघांतलं एकही वाक्य भाबडं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे लग्न रद्द करण्याचं आणि घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, आणि ही गोष्ट दोन्ही घरांना पक्की ठाऊक असते. त्यामुळे आजार लग्नाआधीचा की नंतरचा, यावर दोन बाजूंची दोन ठाम उत्तरं मिळतात आणि डॉक्टरच्या कागदाकडे कोर्टातला पुरावा म्हणून पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं, की नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे हे पाहावं लागेल. गावातल्या बैठकीपर्यंत तो निकाल पोहोचलेला नाही. अशा वेळी डॉक्टरनं शाळेचं प्रगतिपुस्तक, नोकरीची नोंद, जुन्या चिठ्ठ्या, शेजारीण, बहीण असे दुसरे दुवे धुंडाळायचे असतात, आणि कुणाच्या सांगण्यावर कुठली ओळ आहे हे लिहून ठेवायचं असतं. आणि मुख्य म्हणजे सर्वांना बाहेर बसवून त्या मुलीशी एकटीशी बोलायचं असतं. दार लागलं की पुष्कळदा ती बाही वर करते आणि वळ दाखवते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद मोजके आहेत, जीवाला धोका असणं हा त्यांतला एक. कलम ३ मला त्याहून मोलाचं वाटतं. समाजाच्या, नीतीच्या किंवा धर्माच्या रीतीप्रमाणे कुणी वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं ते सांगतं. हे वाक्य कायद्यात का यावं लागलं, हे ओपीडीत बसलं की कळतं. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं म्हणणाऱ्या मुलीला आईवडील घेऊन येतात, “डोकं फिरलंय, गोळी द्या” म्हणतात. झोप नीट, भूक नीट, नोकरी नीट, बोलणं सुसंगत. डॉक्टरनं दीड तास घालवून लिहिलेला ‘मानसिक आजार आढळला नाही’ हा शेरा तिच्या आयुष्यात फार मोठं काम करतो.

मरणाबद्दल विचारायला नवखे डॉक्टर कचरतात, नातेवाईक तर त्याहून. “विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होईल” ही भीती सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. ज्याच्या मनात ते आहे त्याला बहुधा हायसं वाटतं, की कुणीतरी नाव घेतलं. पण विचारायची एक चढण असते. जगण्याचा कंटाळा येतो का? झोपलो ते उठूच नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न झाला होता का? आणि शेतकऱ्याच्या घरात आणखी एक प्रश्न: फवारणीचं औषध कुठे ठेवता, कुलपात की माळ्यावर, किल्ली कुणाकडे? हा प्रश्न विचारला आणि बायकोनं त्या संध्याकाळी तो डबा घराबाहेर हलवला, तर ओपीडीतल्या त्या दहा मिनिटांचं सोनं झालं.

प्रयत्न होऊन गेलेल्यांच्या बाबतीत अजूनही जवळजवळ ठरलेली उत्तरं मिळतात. चुकून प्यालो, अंधारात खोकल्याचं औषध समजलो, स्वयंपाक करताना पदर पेटला. पोलिसांची भीती त्यामागे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि शिक्षेतून त्याला वगळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. सरकारी नोकराला अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. हे वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला तोंडी सांगायला हवं. जोवर सांगितलं जात नाही तोवर ‘चुकून’ हेच उत्तर केसपेपरवर येत राहील आणि दुसऱ्या प्रयत्नाआधीची संधी वाया जात राहील.

दारूबद्दल थोडक्यात. “घेता का?” याचं उत्तर “कधीतरी” असतं. “रोज किती, क्वार्टर की त्याहून जास्त? सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? नाही घेतली तर हात थरथरतात का?” याचं उत्तर खरं असतं. आणि हे फक्त मनोविकार विभागाचं काम नाही. पाय मोडून अस्थिविभागात दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी पलंगावरचे किडे झटकू लागतो, सलाइन उपटतो, परिचारिकेला ओळखत नाही. दारू अचानक बंद झाल्यानं आलेला हा वाताचा झटका जीवघेणा ठरू शकतो, आणि दाखल करताना हा एक प्रश्न विचारला असता तर तो टाळता आला असता.

हिस्टरीनंतर येते मनःस्थितीची तपासणी. तीत पुस्तकी पद्धत जशीच्या तशी वापरली की अन्याय होतो. आज तारीख काय, हे न सांगता आलेल्या आजी कदाचित एकादशी परवा आहे हे अचूक सांगतील. शंभरातून सात-सात वजा करायला न जमणारा शेतमजूर पाचशेच्या नोटेतून भाजीचे पैसे वळते करून किती उरले ते क्षणात सांगतो. निरक्षर वृद्धांच्या स्मृतीची तपासणी करण्यासाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत नव्वदच्या दशकात हिंदीतून वेगळी प्रश्नावली बांधावी लागली ती याचसाठी. मुंबई-ठाण्याकडच्या वॉर्डांत तर भोजपुरी, तेलुगू, बंगाली बोलणारे रुग्ण असतात, आणि दुभाष्याचं काम वॉर्डबॉय किंवा बाजूच्या पलंगावरचा रुग्ण करतो. डोर्पाटमधल्या क्रेपेलिनची अडचण आपल्याकडे रोज घडते.

मूळ प्रश्न माणसांचा आणि वेळेचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. त्यांतलं केरळ सोडलं तर एकाही राज्यात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञ नव्हता. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं हा भार वाहत आली आहेत. परीक्षेच्या ‘लाँग केस’ला विद्यार्थ्याला तासभर मिळतो. तोच विद्यार्थी डॉक्टर होऊन ओपीडीत बसला की त्याच्यासमोरची रांग त्याला तो तास देत नाही. मग प्रश्न खुणा करायच्या चौकोनांत जातात: झोप, भूक, आवाज, संशय, बरोबर की चूक. चौकोन भरले जातात आणि कहाणी राहते.

यावर अमरावती जिल्ह्यात एक वाट चोखाळून पाहिली गेली. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. घरी जाऊन, ओसरीवर बसून, वऱ्हाडीत विचारायचं, ऐकायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं त्यात नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरी एक गोष्ट उघड आहे: ओळखीच्या भाषेत, घाई न करता कुणी विचारलं तर लोक सांगतात. ते सांगत नाहीत असं आपण समजतो, कारण आपण विचारण्याची सोय केलेली नाही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दार लागणारी एक खोली, पहिल्या भेटीला तरी अर्धा-पाऊण तास, आणि घरी जाऊन चौकशी करणारा मनोविकार समाजकार्यकर्ता, एवढं सरकारनं दिलं पाहिजे. एका एमआरआय यंत्राच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे, आणि या रोगांच्या निदानात त्याचा उपयोग यंत्रापेक्षा अधिक आहे.

आणि तुमच्या घरातलं कुणी अशा ओपीडीत जाणार असेल, तर जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या, वैदूनं दिलेल्या पुड्यासुद्धा. आजाराची पहिली खूण केव्हा दिसली, हे घरी बसून आठवून कागदावर मांडा. आजी, काका, मामा यांच्यापैकी कुणाला असं काही होतं का, कुणी जीव दिला होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, लाजू नका. डॉक्टरनं पहिला प्रश्न रुग्णाला विचारला तर उत्तर त्यालाच देऊ द्या. डॉक्टर म्हणाले, “जरा बाहेर थांबता का?”, तर राग न मानता बाहेर जा. दवाखान्यापर्यंत जाणं आज शक्य नसेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं.